जरा पिंग वाढवून द्या!

"जे पायपातनं येतं, ते आपल्या हाताबाहेर जात नाही!" मिस्त्रीनं छाती ठोकून सांगितलं आणि हातातला पाना टेबलावर असा आपटला, की चहाचा कप बशीसकट दचकला. "पाणी असो, गॅस असो, नाहीतर तुझं ते नेट असो. शेवटी सगळा खेळ कशाचा? प्रेशरचा! तू निवांत बस. लाइन मी आणतो."

बायकोनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते ती. आरशातनं मागच्या सीटवरच्या वांड पोराकडं बघतात ना, अगदी तसं बघितलं.

"अहो, पण नीट विचारून आणा. आता एकदा जरी लाइन गेली, तर मी टीममधनं बाहेर."

"अगं, मी पायपाला हात लावला आणि पाणी आलं नाही, असं कधी झालंय?"

"झालंय. आपल्याच बाथरूममध्ये."

मिस्त्रीनं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आता ही टीम कसली, ते सांगतो. मिस्त्री म्हणजे नळाचं काम करणारा माणूस. सगळी वस्ती त्याला मिस्त्रीच म्हणते, बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणते. त्यांची एकुलती एक लेक नोकरीला दूरच्या शहरात गेली आणि घर असं गप्प झालं, की गळका नळसुद्धा सोबतीला बरा वाटायला लागला. फोनवर काय बोलणार? जेवलीस का? हो. तू? हो. संपलं! मग लेकीनंच आईला हा कॉम्प्युटरवरचा खेळ शिकवला. पाच जणांनी मिळून किल्ला राखायचा, समोरचे पाच जण तो घ्यायला येणार. कानाला हेडफोन लावायचा आणि आपापल्या घरी बसून एकमेकांशी बोलत लढायचं. रोज संध्याकाळी मायलेकी त्या किल्ल्यात भेटायच्या.

आणि बाई निघाली काय, वाघीण! बघता बघता टीमची कप्तान झाली. का नाही होणार? सिग्नलवर ब्रेक मारता मारता मागे कोण कुणाची वेणी ओढतंय, हे न वळता सांगणारी बाई ती. पहिल्यांदा मिस्त्रीनं आतल्या खोलीतनं तिचा आवाज ऐकला तो असा: "दाराआड लप! झोपाळू, तू जिन्यावर थांब! मी मेले तरी चालेल, माझ्या लेकीला वाचवा!" बिचारा मोठा पाना उगारून आत धावला होता. बघतो तर बाई पाटावरच्या उशीवर बसून शेंगदाणे खातायत.

तेव्हापासनं मिस्त्रीला बायकोचा जो अभिमान वाटायला लागला, तो काही विचारू नका. लोकांच्या घरी कमोड बसवता बसवता सांगायचा, "आमच्या हिनं काल पाच जण उडवले!" लोक जरा मागे सरकायचे.

पण घरात लाइन नव्हती. मिस्त्रीच्याच मोबाइलच्या नेटवर बाई खेळायच्या. मिस्त्री फोन खिशात घालून संडासात गेला, की किल्ल्याचं नेटही संडासात! अशानं चालू सामन्यात कप्तान दोनदा गायब झाली. नियम असा, की तिसऱ्यांदा गायब झाली की नाव कट. आणि रविवारी दुपारी मोठा सामना. म्हणजे किल्ला राहिला बाजूला, लेकीबरोबरची रोजची संध्याकाळच जायची!

लेकीनं फोनवर बापाला बजावलं होतं, "बाबा, नुसत्या स्पीडला भुलू नका. गेमसाठी पिंग बघायचं. पिंग! ते जेवढं..."

आणि तिथंच फोन कटला. मिस्त्रीला एवढं पुरे होतं. अर्ध्या वाक्यावर काम सुरू करणारा कारागीर तो!

पहिल्यांदा त्यानं एका मोठ्या कंपनीला फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची पोरगी.

"तुम्ही पिंग किती देता?" मिस्त्रीनं एकदम मुद्द्याला हात घातला.

"सर, आमचं पिंग अगदी कमी आहे!"

"कमी?"

"हो सर, खूपच कमी!" पोरगी आनंदानं म्हणाली.

मिस्त्रीला तिच्या निर्लज्जपणाचं नवल वाटलं. "अहो ताई, घरात गेम खेळायचाय. जरा वाढवून द्या की."

"सर... पिंग वाढवून?"

"हो, मी काय फुकट मागतोय?"

"सर, असं आजपर्यंत कुणी मागितलं नाही. मी आमच्या साहेबांना विचारते." साहेबांना विचारायला गेलेली पोरगी परत आलीच नाही. नुसतं गाणं वाजत राहिलं.

मग तो गेला गल्लीतल्या केबलवाल्याकडं. हा माणूस खांबावर चढलेला, तोंडात स्क्रू धरलेला. खालनं मिस्त्री ओरडला, "तुझ्याकडं पिंग किती रे?"

"नसल्यातच जमा!" केबलवाला वरनं अभिमानानं म्हणाला. "आपली लाइन म्हणजे पिंग नाहीच समजा!"

"नाहीच? आणि वर दात काढून सांगतोस? निदान लाज म्हणून तरी थोडं ठेवायचं!"

केबलवाल्याच्या तोंडातला स्क्रू पडला.

तिसरा भेटला छत्रीवाला. गच्चीवर मोठी छत्री बसवायची आणि थेट आकाशातल्या उपग्रहावरनं नेट खाली घ्यायचं, असा त्याचा धंदा. माणूस भला. मिस्त्रीनं पिंगचं विचारलं तर त्याचा चेहरा पडला. मान खाली घालून म्हणाला, "खोटं कशाला बोलू साहेब? पिंग आमच्याकडे जास्त आहे."

"जास्त म्हणजे?"

"बरंच जास्त. इतकं जास्त कुणाकडेच नसेल."

मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एवढा देणारा माणूस, आणि किती नम्र! त्यानं छत्रीवाल्याला कडकडून मिठी मारली. "ह्याला म्हणतात माणूस! तुमचंच घेतलं! आजच चढवा छत्री!"

"साहेब, गेमसाठी पाहिजे म्हणालात ना? नक्की?"

"चढवा हो!"

छत्री चढली. संध्याकाळी सरावाला बाई ऐटीत बसल्या. मागे मिस्त्री हाताची घडी घालून उभा, नव्या पाइपलाइनचं उद्घाटन असावं तसा. समोर शत्रू आला. बाईंनी गोळी मारली. शत्रू आरामात चालत गेला, वळला, जिना चढला. आणि मग, तो जिथं मघाशी होता तिथल्या भिंतीवर गोळी लागली.

"अहो!" बाई किंचाळल्या. "मी गोळी मारते आज, लागतीये उद्या!"

"आई, पळ!" हेडफोनातनं लेकीचा आवाज आला.

"पळतीये की गं!"

"आई, तू मघाशीच मेलीस!"

बाईंच्या पडद्यावर बाई अजून पळतच होत्या.

बाईंनी हेडफोन काढून स्पीकर लावला, तसं लेकीनं विचारलं, "बाबा, ह्यांचं पिंग किती आहे?"

"सगळ्यात जास्त!" मिस्त्री अभिमानानं म्हणाला. "मागून घेतलंय!"

टीममध्ये झोपाळू म्हणून एक गडी होता. सदा जांभया द्यायचा, आठवड्यातनं चार शब्द बोलायचा. तो पहिल्यांदा खडबडून जागा झाल्यासारखा वाटला. नुसतं म्हणाला, "मागून?"

मग लेकीनं समजावलं. "बाबा, पिंग म्हणजे काय माहितीये? तुम्ही आईला हाक मारली आणि तिची ओ यायला जेवढा वेळ लागला ना, ते पिंग. ते जेवढं कमी तेवढं चांगलं. छत्रीवाल्यांची हाक वर आभाळात जाते आणि तिथनं ओ खाली येते."

मिस्त्रीनं मान वर करून छताकडं, छत्रीच्या दिशेनं बघितलं. "म्हणजे मी... उशीर मागितला? आणि वर वाढवून मागितला?"

"आणि मिठीपण मारली," बायको म्हणाली. पण हसू तिला आवरत नव्हतं. ह्या बाईचं हेच आहे बघा, दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ही म्हणाली, "जाऊ द्या. पायपात पाणी किती मोठं आहे, ते बघितलंत तुम्ही. नळ उघडल्यावर लगेच येतं का, ते बघायचं राहिलं. उद्या केबलवाल्याकडं जा, आणि आधी त्याचा स्क्रू शोधून द्या."

आता असं समजावल्यावर मिस्त्रीला का नाही कळणार? सकाळी उठून केबलवाल्याची माफी मागितली. त्यानं जरा भाव खाल्ला, पण शनिवारी येऊन लाइन टाकून दिली. त्याची अख्ख्या इमारतीची एक पेटी मिस्त्रीच्याच दाराबाहेर, जिन्याशेजारी भिंतीत होती. सगळ्यांच्या घरच्या वायरी त्या पेटीतनं जायच्या. संध्याकाळच्या सरावात बाईंनी बोट दाबायच्या आत शत्रू पडला. हाक मारायच्या आत ओ! मिस्त्रीनं आनंदानं शिट्टी मारली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रविवार उजाडला.

दुपारचं जेवण झालं. बाई व्हॅन धुवायला खाली गेल्या, सामन्याला अजून अवकाश होता. मिस्त्रीला वाटलं, आपण एकदा लाइन तपासून घ्यावी. बायकोचं नशीब त्या पेटीत अडकलेलं, म्हटल्यावर तपासायलाच पाहिजे! त्यानं पेटीचं झाकण उघडलं, आणि बघतो तर काय!

पेटीतनं एक वायर बाहेर लोंबत होती. एक टोक पेटीत खोचलेलं, दुसरं टोक उघडं! नुसतं हवेत! पुढेमागे कुणाला लागली तर असावी, म्हणून केबलवाल्यानं ठेवलेली. पण नळकाम करणाऱ्या माणसाला काय बघवत नाही, तर उघडं टोक. उघडं टोक म्हणजे गळती! आजचा एवढा मोठा सामना, आणि इथनं सकाळपासनं नेट गळतंय!

त्यानं इकडंतिकडं बघितलं. पेटीत एक भोक मोकळं होतं. झालं! टोक आणि भोक जमलं, खट् करून बसलं. आणि काम करायचं तर पक्कं करायचं, म्हणून त्यानं खिशातनं पांढरी टेफलॉन टेप काढली, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती, आणि दोन्ही तोंडांवर अशी गच्च गुंडाळली की थेंब बाहेर यायचा नाही.

त्या क्षणी पेटीतले सगळे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकायला लागले.

"वा!" मिस्त्री म्हणाला. "आलं बघा प्रेशर!"

तो हात पुसतो न पुसतो तोच वरच्या मजल्यावर दार उघडलं. गाण्याच्या बाई बाहेर आल्या. त्या ऑनलाइन शिकवतात. "अहो, मी वरचा सा लावला आणि डोळे मिटले. उघडून बघते तर शिष्य गायब! एवढा वाईट लागला होता का हो?"

खालनं वकीलसाहेब आले, वर कोट आणि खाली लुंगी. "पक्षकाराशी बोलत होतो. मी म्हणालो, घाबरू नका, मी तुमच्या पाठीशी आहे. आणि गेलं नेट!"

बघता बघता सगळा जिना माणसांनी भरला. कुणाकडंच नेट नाही. मिस्त्री मोठेपणानं सांगत होता, "तुमच्याकडं नसेल, आमच्या पेटीत प्रेशर जोरात आहे. दिवे बघा!" लोक पेटीकडं कौतुकानं बघून जात होते.

तेवढ्यात बादली घेऊन बायको वर आली. ती गर्दीतनं घरात गेली, पडद्याकडं बघितलं, आणि तशीच बाहेर आली. "आपलंही गेलंय," ती म्हणाली. "आणि सामना सुरू व्हायला आलाय."

छत्री परत केलेली, आणि मोबाइलचं नेट मिस्त्रीनं नवी लाइन आल्यावर ऐटीत बंद करून टाकलेलं. लेकीची संध्याकाळ! त्यानं केबलवाल्याला फोन लावला, तर तो बहिणीकडं गेलेला, यायला वेळ लागणार.

आता पुढं जे झालं ते डोळ्यांनी बघायला पाहिजे होतं. दुसरी बाई रडत बसली असती. ही जिन्याच्या मधोमध उभी राहिली, मिस्त्रीच्या हातातला फोन घेतला आणि किल्ल्यातल्या त्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुम्ही तिथनं फक्त सांगा. करतो आम्ही."

"वहिनी, कुणाच्या तरी घरातनं उलटं गोल फिरून येतंय," फोनवर केबलवाला म्हणाला. "एकेका घरातली वायर काढत जा. जिची काढली की दिवे शांत होतील, ते घर."

"ऐकलंत? वकीलसाहेब, तुमची आधी काढा! बाई, तुम्ही जिन्याच्या वरच्या वळणावर थांबा, तुमचा आवाज लांब पोचतो, तुम्ही निरोप द्यायचा! अहो, तुम्ही पेटीपाशी, दिव्यांवर नजर! बाकीच्यांनी आपापल्या दारात उभं राहायचं. आणि कुणी खिडकीतनं हात बाहेर काढायचा नाही!"

शेवटचं व्हॅनमधलं तोंडून निसटलं. पण वकीलसाहेबांनी खरंच हात आत घेतले.

"वकील काढली!" गाण्याच्या बाई वरच्या सुरात गायल्या.

"दिवे नाचतायत!" मिस्त्री ओरडला.

"पुढचं घर!"

"काढलीऽऽ!"

"नाचतायत!"

कवायत काय चालली होती महाराजा! एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी एका बाईच्या हुकमावर वायरी उपटत होते. मिस्त्री दिव्यांकडं कमी आणि बायकोकडंच जास्त बघत होता. ह्या बाईबरोबर आपण एवढी वर्षं राहिलो आणि तिला फक्त भाजीत मीठ किती ते विचारलं, असं त्याला झालं.

सगळी घरं संपली. दिवे नाचतच होते.

"भाऊ, सगळ्यांच्या काढल्या. आता?"

फोनवर केबलवाला विचारात पडला. "मग पेटीतच काहीतरी... वहिनी, एकाच वायरीची दोन्ही टोकं पेटीतच तर खोचली नाहीत ना कुणी? म्हणजे तिथनं निघून तिथंच? तसं कुणी गाढवही करणार नाही म्हणा, पण आपलं बघून घ्या."

फोन स्पीकरवर होता. सगळ्या जिन्यानं ऐकलं. मिस्त्री पेटीसमोर उभा होता, तो अचानक रुंद झाला. पेटी दिसेनाशी झाली.

"अहो," बायको म्हणाली. "बाजूला व्हा."

"नाही, मी काय म्हणतो..."

"मिस्त्री!"

मिस्त्री बाजूला झाला. आणि पेटीत, पांढऱ्याशुभ्र टेफलॉनमध्ये गुंडाळलेली, बाळासारखी जपलेली ती वायर सगळ्यांना दिसली.

वकीलसाहेब वाकून बघत म्हणाले, "पुरावा फार नीट बांधलाय."

"गळत होतं," मिस्त्री पुटपुटला.

बायकोनं वायरीला हात घातला आणि ओढली. येईना! मिस्त्रीचं काम ते, पक्कंच असणार! मग मिस्त्रीनंच दातानं टेप फाडली, झटका दिला, टोक सुटलं. दिवे शांत झाले. "सगळ्यांनी वायरी लावाऽऽ!" गाण्याच्या बाईंनी सुरात ललकारी दिली, आणि बायको घरात पळाली.

सामना सुरू व्हायच्या बेतात होता. पंच शेवटची हाक देत होता, "कप्तान आहेत का?" बाईंनी हेडफोन डोक्यावर चढवता चढवता म्हटलं, "आहे!" आणि हाकेला ओ अशी गेली, की मध्ये माशी बसायलाही जागा नव्हती.

पुढचं काय सांगू! सगळी इमारत त्यांच्या खोलीत मागे उभी. कुणाला खेळ कळत नव्हता, पण बाई कळत होत्या. आवाज चढला नाही. "डावीकडनं दोघं येतायत, येऊ द्या. झोपाळू, आत्ता नाही. आत्ता नाही. आत्ता!" शेवटी किल्ल्यात बाई आणि लेक दोघीच उरल्या, समोर तिघं. "आई, माझ्या मागं कोण आहे?" लेक ओरडली. "मी आहे," बाई म्हणाल्या, आणि तिघंही लोळले.

खोलीत असा जल्लोष झाला, की वकीलसाहेबांची लुंगी थोडक्यात वाचली. गाण्याच्या बाईंनी राहिलेला सा तिथंच लावून घेतला. मिस्त्री मात्र आत आला नव्हता. तो जिन्यावर पेटीला पाठ लावून बसला होता, हातात पाना, पेटीकडं कुणाची सावलीसुद्धा फिरकू नये म्हणून. आत आरडाओरडा झाला तेव्हा त्याला वाटलं, गेलं परत! धावत आत आला.

"जिंकलो हो!" बायको म्हणाली. तिचे डोळे भरलेले. "टीममध्ये आहे मी!"

मिस्त्रीनं पाना ह्या हातातनं त्या हातात घेतला. "तुझ्यासारखी बाई..." एवढंच म्हणाला, आणि नाक ओढलं.

बाईंनी हेडफोन काढून स्पीकर लावला, तसा लेकीचा आवाज आला. "आई, पण सुरुवातीला कुठं गायब होतीस? पंच नाव कापायला निघालेला!"

"काही नाही गं. तुझ्या बाबांनी एका वायरीनं अख्ख्या इमारतीचं नेट बंद पाडलं होतं."

स्पीकरमधनं एक लांबलचक जांभई ऐकू आली, आणि झोपाळू अतिशय आदरानं म्हणाला, "कप्तान, पुढच्या रविवारी काकांना समोरच्या टीमच्या घरी पाठवता येईल का?"

खोलीत हसून हसून लोक जमिनीवर बसले. मिस्त्रीनं सगळ्यांकडं एकदा रागानं बघून घेतलं. मग स्पीकरजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "पत्ता विचार की."